घासलेटचा अंक

आमचे शेजारी गुणवंतराव म्हणजे कमानिया गेटजवळच्या एका कोंदट छापखान्याचे मालक, ‘कमानिया-वार्ता’ साप्ताहिकाचे संपादक आणि त्याचे एकमेव हमाल. अंकाचे गठ्ठे सायकलवर लादून स्वतःच आमच्या रांझी वस्तीभर वाटायचे. सायकल अशी कुरकुरायची की पेपर आल्याची बातमी पेपराआधी पोचे.

एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी छापलं: रांझीकर रिकामे डबे घेऊन कंट्रोलच्या दुकानापुढे, आणि घासलेटचे पिंप एका साहेबांच्या बंगल्यामागे. पुरवठा खातं त्याच साहेबांकडे, ब्लॅकआउटचा बंदोबस्तही त्यांच्याचकडे. अंक बाहेर पडायच्या आत साहेब छापखान्यात हजर.

“जंग चल रही है, गुणवंतजी. एक भी कॉपी बिकी, तो कागज का कोटा बंद!”

“नाही विकणार, साहेब,” गुणवंतराव असे गरीब गाईसारखे बोलले की तिथे बसलेल्या मलाच लाज वाटली.

घरी अनसूयावहिनी तडकल्या. “काहून एवढे घाबरून राहिले? अन् या गठ्ठ्यांचं काय, लोणचं घालू?”

“खिडक्यांना लाव.”

साहेबांचाच ताजा हुकूम होता: उजेड बाहेर दिसता कामा नये, काचांवर कागद चिकटवा. रांझीत कागदासाठी मारामार. गुणवंतराव सायकल घेऊन निघाले. अंक फुकट, वर वहिनींच्या हातची मैद्याची खळ. अट एकच, पहिल्या पानाचं तोंड घराच्या आत.

रांझी जेवता जेवता घासलेट वाचू लागली. बंगल्यावरचा शिपाईही अंक घेऊन गेला, बिचारा दुसरा कागद आणणार कुठून? त्यानं ते इमानेइतबारे साहेबांच्याच जेवणघरात चिकटवले. साहेबांनी घास तोंडात घातला, समोर पाहिलं, आणि जो ठसका लागला म्हणता!

तडक आमच्या गल्लीत. “फाड डालो सब!”

“फाडतो की. मग उजेड बाहेर गेला तर, साहेब?”

“तो काँच काले करो!”

वहिनी दारात आल्या. “काजल तो है, भैया. मगर घोलने को घासलेट लगता है. किसके यहाँ मिलेगा?”

अख्खी गल्ली खिदळली. साहेब जीपमध्ये बसले, ते चुकीच्या बाजूनं.

दुसऱ्या दिवशी दुकानात घासलेट आलं. एकही प्रत विकली नव्हती, तरी गुणवंतरावांचा कोटा गेलाच. धमकीच्या बाबतीत सरकार भारी शब्दाचं पक्कं.

पुढचा अंक पतंगाच्या गुलाबी कागदावर निघाला.

“गुणवंतराव, हा तर उडून जाईल!” मी चिडवलं.

“जाऊ द्या,” ते म्हणाले. “सायकल पंक्चर आहे.”