घार आणि सुभेदारांचा डबा

आमच्या घरून सुटलेली घार सुभेदारांच्या हलगर्जीपणामुळे मेली, असं आमच्या टॉवरमधली मराठी घरं तीन वर्षं समजत आली आहेत. ते खोटं आहे. ते मीच पसरवलं. माझं वय आता शहात्तर आहे, आणि हे कुठेतरी लिहून ठेवलं पाहिजे.

सुभेदार म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले, सातारा जिल्ह्यातले गृहस्थ. गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत ते नवव्या मजल्यावर मुलीकडे राहायचे. आम्ही दोघं नवराबायको अकराव्यावर, मुलाने घेतलेल्या फ्लॅटमध्ये. मुलगा बंगळूरला. मी आयुष्यभर दिल्लीत केंद्र सरकारच्या कचेरीत फायली हलवल्या. सुभेदारांनी सियाचीन पाहिलं होतं. लिफ्टमध्ये भेटले की ही त्यांना तिथल्या थंडीबद्दल विचारायची. माझ्या कचेरीबद्दल तिने शेवटचं केव्हा विचारलं, ते मला आठवत नाही.

पंधरा ऑगस्टला दिल्लीभर पतंग उडतात आणि मांज्यात पक्षी अडकतात. तीन वर्षांपूर्वी सोळा तारखेला सकाळी दूध घेऊन येताना हिला पार्किंगमध्ये एका गाडीखाली एक मोठा पक्षी दिसला. एक पंख लोंबत होता. मला फोन करून तिने खाली बोलावलं. चार माणसं जमली होती. मी वाकून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ईगल है. गरुड."

मागून सुभेदार आले. "घार आहे, साहेब," ते हळूच म्हणाले. "शेपूट बघा. टोकाला खाच आहे. गरुडाची शेपूट अशी नसते."

आवाज त्यांनी मुद्दाम खाली ठेवला होता. तरी हिने ऐकलं, आणि हसली. तेवढं हसणं मला पुरलं.

सुभेदारांनी गळ्यातला टॉवेल पक्ष्यावर टाकला, दोन्ही पाय एका हातात धरले आणि डोकं झाकून त्याला उचललं. डोकं झाकलं की तो शांत होतो, म्हणाले. पंखाच्या सांध्यात मांजा रुतला होता. लोंबणारी टोकं त्यांनी कात्रीने कापली, रुतलेला भाग ओढला नाही. मग पक्षी वाचवणाऱ्या एका संस्थेला फोन लावला. तिकडून सांगितलं, पंधरा ऑगस्टनंतर सगळीकडून फोन येतात, गाडी परवा सकाळी येईल. तोवर खोक्यात, अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. भूक दिसली तर कच्च्या मांसाचे बारीक तुकडे द्या. सुभेदारांचा नातू लहान, म्हणून खोकं आमच्या बाल्कनीत ठेवायचं ठरलं आणि संस्थेला माझा नंबर दिला. आमच्या बाल्कनीला कबुतरांची जाळी नाही, हिला जाळीतून आकाश बघायला आवडत नाही.

आता मांसाबद्दल सांगायला हवं.

मी रत्नागिरीकडचा, मासे-मटणावर वाढलेला. ही पुण्याची, माहेरी चातुर्मासात कांदासुद्धा नाही. लग्न ठरलं तेव्हा तिची एकच अट होती, घरात ते येणार नाही. मी पाळली. चव्वेचाळीस वर्षं मी बाहेर खाऊन आलो, जिन्याखालच्या नळावर चूळ भरली आणि मग दार वाजवलं. कधी कुरकुर केली नाही, कारण हे मी तिच्यासाठी करतो आहे, हे तिला कळतंय असं मला वाटायचं.

त्या दुपारी सुभेदार स्टीलचा एक छोटा डबा घेऊन आले. आत चरबी काढलेलं मटण, बोटाच्या पेराएवढे तुकडे. श्रावण चालू होता. मी हिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. आता ही दारातूनच परत पाठवील, या आशेने.

"वहिनी, डबा फ्रीजमध्ये ठेवावा लागेल," सुभेदार संकोचून म्हणाले. "चालत नसेल तर मी दर वेळी खालून आणीन."

"न चालायला काय झालं? तिचं तेच अन्न आहे," ही म्हणाली, आणि डबा घेऊन तिने दह्याच्या शेजारी ठेवला.

दह्याच्या शेजारी.

मग फुलके उलटायचा चिमटा घेऊन ती खोक्याशी बसली. घारीने पहिला तुकडा हिसकून घेतला तेव्हा ती लहान मुलीसारखी मागे सरली आणि हसू लागली. सुभेदार म्हणाले, "घाबरू नका वहिनी, ती चिमट्याकडे बघतेय, तुमच्याकडे नाही." दोघं कितीतरी वेळ तिथे उकिडवे बसले होते. मी आत पेपर धरून बसलो होतो. काय वाचलं ते आठवत नाही.

दोन दिवस हेच. सकाळ-संध्याकाळ सुभेदार यायचे, खायला घालून झालं की खोकं सुतळीने बांधायचे. त्यांची गाठ फौजी होती, ओढली की अधिकच आवळणारी. ही त्यांना चहा द्यायची, आलं ठेचून. माझ्या चहात दोन वर्षं आलं नव्हतं, माझ्या पित्तामुळे. ते मला ठाऊक होतं, तरी मी त्या कपाकडे बघायचो.

एकदा मी म्हटलं, "सुभेदारांना दुसरं काम दिसत नाही."

"तुम्हाला तरी कुठे आहे?" ही म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार खायला घालून गेले, ही देवळात गेली, आणि माझा फोन वाजला. संस्थेचा मुलगा होता. "अंकल जी, आधे घंटे में पहुँच रहे हैं, बर्ड तैयार रखिए."

मी म्हणालो, "रहने दो बेटा, वो तो उड़ गई."

हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. पण तोंडातून गेल्यावर लगेच कळलं की मला काय हवंय. ही देवळातून आली की मी सांगणार होतो, मी तिला सोडली, माझ्या हातून उडाली, बघ ती वर फिरतेय. हिने एकदा माझ्याकडे तसं बघावं, एवढंच.

गाठ काही सुटेना. स्वयंपाकघरातली कात्री आणून मी सुतळी कापली. टॉवेलात धरून घार कठड्यावर ठेवली. तिने माझ्याकडे पाहिलं, पिवळट डोळ्याने, आणि पंख उघडले. एक पूर्ण उघडला, दुसरा अर्धाच. मला दिसलं होतं. टॉवेल अजून माझ्या हातात होता. मी तो तिच्यावर टाकला नाही.

ती तिरकी होत गेली, शेजारच्या नव्या टॉवरच्या कामाभोवती लावलेल्या पत्र्यांपलीकडे. मी बराच वेळ बघत राहिलो. वर काही आलं नाही.

ही आली तेव्हा मी म्हटलं, "सुभेदारांनी गाठ नीट मारली नसावी. मी अंघोळीला होतो."

सुभेदार धावत वर आले. खोकं पाहिलं, खाली पडलेली सुतळी उचलली, बोटांवर गुंडाळून खिशात घातली. फौजी माणसाची सवय, मला वाटलं. "माझीच चूक असेल, वहिनी," ते म्हणाले. मग दोघं खाली शोधायला गेले. दुसऱ्या दिवशी गार्डने सांगितलं, पत्र्यांमागे एक घार मरून पडली होती.

ही सुभेदारांना लिफ्टमध्ये एकच वाक्य बोलली. "तुमच्यावर विसंबून होते मी." त्यानंतर तीन वर्षं बोलली नाही. त्यांचा डबा तिने घासून वरच्या फळीवर टाकला. आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत देत नाहीत, आणि त्यांच्यासाठी काही भरून द्यायची तिची इच्छा नव्हती. म्हणून तो डबा तिथेच राहिला. मी रोज चहाची बरणी काढताना तो बघायचो. पहिले काही महिने, खरं सांगतो, मला बरं वाटायचं.

गेल्या महिन्यात कळलं की सुभेदार कायमचे गावी निघालेत. मी खाली गेलो. ते ट्रंकेत कपडे भरत होते.

"मला काही सांगायचंय," मी म्हटलं.

"घारीचं ना?" त्यांनी वर पाहिलं नाही. "बसा, साहेब."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"गाठ सुटली असती तर सुतळी अख्खी राहिली असती. चोचीने तुटली तर पिंजारते. ती कात्रीने सरळ कापलेली होती."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? वहिनींना तुमच्याबरोबर राहायचं होतं, माझ्याबरोबर नव्हे." त्यांनी सदऱ्याची घडी घातली. "आताही सांगू नका. मी रविवारी चाललोच. त्यांचा राग माझ्याबरोबर जाऊ दे."

मी पाय धरायला हवे होते. त्याऐवजी छातीत तेच जुनं जळलं. या माणसाने तीन वर्षं गप्प राहूनसुद्धा माझ्या बायकोसाठी माझ्यापेक्षा जास्त केलं होतं. त्यांचं ऐकलं असतं तर तेही त्यांच्याच खात्यात गेलं असतं. मी वर येऊन हिला सांगितलं ते पश्चात्तापाने की त्या जळण्याने, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

ही मेथी निवडत होती. सगळं ऐकेपर्यंत तिचा हात थांबला नाही.

"गाडी येणार होती?"

"हो. मीच नको म्हटलं."

"म्हणजे ती वाचली असती."

मी खाली पडलेली मेथीची एक काडी उचलून तिच्यापुढे ठेवली.

"एवढं मटण खायचं होतं," ती म्हणाली, "तर मागायचं होतंत."

मग ती स्टुलावर चढली. मी धरायला पुढे झालो, तिने नको म्हणून हात केला. डबा काढला, पुन्हा घासला, पुसला. तिखटमिठाच्या पुऱ्या लाटल्या, प्रवासात टिकतात म्हणून. त्या डब्यात मावेनात, तरी दाबून बसवल्या. ताटलीत दोन राहिल्या. त्या माझ्यासाठी ठेवल्या की उरल्या, ते मी विचारलं नाही.

"वरण लावलंय. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा," एवढं म्हणून ती खाली गेली.

तीन शिट्ट्या झाल्या. मी गॅस बंद केला. कुकर निवला, मी झाकण काढलं, वरण घोटलं, फोडणीही दिली. ती आली नव्हती. मी दार उघडून बाहेर उभा राहिलो. लिफ्टवरचा लाल आकडा नऊवर थांबलेला होता, आणि मी त्याच्याकडे बघत होतो.