बाबांचा जुना एडिटर

आई गेल्यापासून बाबा पेणला एकटेच. मी रोह्याजवळ वरसेला. कितीही गळ घाला, ते सकाळच्या एसटीने येणार, जेवणार आणि संध्याकाळी परत जाणार. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की मला रागच यायचा.

कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक प्रोग्राम लिहायला घेतला होता. खाडीच्या भरती-ओहोटीच्या वेळा स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत दाखवणारा. आमच्या भाऊबंदांची शेती खाडीलगतची. बांधातली झडप कधी उघडायची ते त्यांना कळावं, एवढाच उद्देश. तो अर्धवट असतानाच जुना कॉम्प्युटर बसला. नव्यावर त्यांचा एडिटर, म्हणजे ज्यात ते प्रोग्राम लिहायचे ते सॉफ्टवेअर, काही केल्या चढेना, आणि दुसरा शिकायला बाबा तयार नाहीत. काम थांबलं तसे ते फोनवरही कमी बोलायला लागले.

मी म्हटलं, जुनी डिस्क घेऊन या. मनात वेगळंच होतं. काम माझ्या डेस्कटॉपवर सुरू झालं की बाबाही इथेच राहतील.

माझ्या डेस्कटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, तीही नवी. तिच्या आत मी एक कंटेनर केला. बंद खोलीच ती. आत जुनं लिनक्स आणि त्यात त्यांचा एडिटर. फायलींचा फोल्डर बाहेरून जोडला. चालवून पाहिलं तर डिस्प्ले सापडत नाही म्हणून रडगाणं. कंटेनरला माझ्या स्क्रीनवर खिडकी उघडायची परवानगी दिली, तेव्हा ती आली, पण ‘भरती’च्या जागी नुसते चौकोन. आत मराठी फॉन्टच नव्हता! तो घातला.

“हाय गो, तसंच हाय,” बाबा म्हणाले आणि कामाला लागले. जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

एसटीची वेळ झाली तेव्हा चष्मा काढून त्यांनी विचारलं, “हे पेणला नेता येल? का इथंच चालतंय?”

कंटेनरची सगळी सोय तीच, उचलून कुठेही न्यावा. नाही म्हणायचं अगदी जिभेवर आलं होतं.

“पेणलाही चालेल,” मी म्हटलं. “पेनड्राइव्हवर देते.”

“बरं झालं. मला वाटलं, यापायी आता इथंच अडकून पडतोय.”

मला फार वाईट वाटलं. मी उठून पेनड्राइव्ह शोधायला लागले.

“घाई नाय गो,” बाबा मागून म्हणाले. “उद्या नेईन. जावयाची एखादी लुंगी असंल ना?”