आईने शीआनमध्ये मारलेल्या गप्पा

असल्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की टिंगल करणाऱ्यांत मी पहिला. शिरवळच्या कारखान्यात दिवसभर मशिनींशी डोकं लावणारा माणूस मी... पण हे माझ्या आईच्या बाबतीत घडलंय, आणि आई थापा मारत नाही.

गेल्या डिसेंबरात कंपनीच्या कामाने चीनमधल्या शीआनला गेलो, तेव्हा सांगलीहून आईलाही सोबत नेलं. शहराभोवती जुना तट, आणि तटाखालून मेट्रो! थंडी मात्र हाडं फोडणारी. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर आई पाणीसुद्धा घेत नाही. त्यात आभाळ धुरकट, सूर्य दिसेना.

"दिवस मावळंल रं, कुटंतरी बसून खाऊन घेती," तिचं टुमणं चालूच.

"थांब गं, एवढा फोटो काढतो."

वळून बघतो तर आई नाही! तिचा फोन माझ्या खिशात, आणि तिला मराठीशिवाय भाषा नाही. गल्ल्या पालथ्या घातल्या. अंधार पडता पडता एका चहाच्या दुकानात दिसली – शेगडीपाशी, शेजारी एक चिनी म्हातारी, दोघी हसतायत.

"कशापायी घाबरलास? दशमी खाल्ली, हिनं गरम पानी दिलं. लय गप्पा झाल्या बघ."

खाणाखुणा केल्या असतील, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी चिक्की घेऊन आम्ही दोघं आभार मानायला गेलो. दुकान म्हातारीच्या मुलीचं. मोबाईलच्या भाषांतरावर तिला गप्पांचं सांगितलं. ती गोंधळलीच. उत्तर आलं – लकवा झाल्यापासून तिची आई एक शब्द बोललेली नाही.

म्हातारी शेगडीपाशी बसून नुसती हसत होती.

हे सांगितल्यावर आई चिडली. "न्हाई कशी? म्हनली, पोरगी दिसभर हुबी असती, पाय सुजत्यात तिचं. रातच्याला माज्या उशाशी बसून ऱ्हाती. मग मी झोपल्याचं सोंग घेती, म्हंजे ती तरी आडवी हुईल."

मी ते फोनवर दाखवलं. मुलीने वाचलं, परत वाचलं... आणि म्हातारीच्या मांडीत डोकं घालून रडायला लागली. म्हातारी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

कुठल्या भाषेत बोललात, असं आईला अजून विचारतो. "आपल्याच की!" म्हणते. मला कारण सापडलेलं नाही. त्या म्हातारीने परक्या मुलखात माझी आई सांभाळली, तिची आठवण आली की हात जोडले जातात, एवढंच.

आणि हो... हल्ली सांगलीला गेलो की रात्री आई झोपली का ते बघताना मी दाराशी जरा जास्तच थांबतो. ती खरंच झोपलीय, याची आता खात्री वाटत नाही.