आत्याच्या फोटोला भिंत

आमच्या घराण्यात माणूस गेलं की पहिली धावपळ फोटोसाठी होते. कपाटं उपसली जातात, अल्बम चाळले जातात आणि शेवटी आधार कार्डावरचाच चेहरा मोठा करून आणतात. आजीचा असाच आणला. त्यात ती नुकतंच कुणीतरी पाकीट मारल्यासारखी दिसते, आणि आता कायम तशीच दिसणार. अमर होणं म्हणजे आमच्याकडे एवढंच, कुणाच्या तरी हॉलमधली हातभर भिंत.

माझ्या आत्याने हे फारच मनावर घेतलं होतं. आत्या सत्तरी ओलांडलेली, मूळची मैंदर्गीची. कचेरीतल्या नोकरीतून निवृत्त होऊन सोलापूरच्या शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत एकटीच राहते. लग्न का केलं नाही विचारलं तर "सवड न्हाय मिळाली" म्हणते. गेल्या दिवाळीनंतर ती हिरवी इरकल नेसून स्टुडिओत गेली, फोटो काढला, फ्रेम करून घेतला आणि रिक्षात मांडीवर ठेवून भाच्यांची घरं फिरली.

"पोरंबाळं असली की भिंत आयती मिळती," ती म्हणाली. "माजं तसं न्हाय. कुटं लागनार हाय मी, ते आत्ताच बगून ठेवते." हसत म्हणाली, पण फ्रेमवरची तिची पकड काही सैल होत नव्हती.

थोरल्या भावाच्या हॉलमध्ये नवं पॅनेल बसवलं होतं, त्याला खिळा चालत नव्हता. धाकट्याच्या बायकोला जिवंत माणसाचा फोटो असा लावणं बरं वाटेना. "मग मेल्यावर लावशील की?" असं आत्याने विचारल्यावर ती बिचारी पाणी आणायला म्हणून आत गेली, ती बऱ्याच वेळाने चहा घेऊनच बाहेर आली. शेवटी फ्रेम जुळे सोलापुरात माझ्या फ्लॅटवर आली. मला भावांचा असा राग आला होता, की आत्या टेकायच्या आधीच मी नवऱ्याला ड्रिल मशीन काढायला लावलं.

घोळ नवऱ्याने घातला. स्टुडिओवाल्याने फ्रेमसोबत चंदनाचा हार फुकट दिला होता. सोबत आलाय म्हणजे घालायचाच, असं समजून त्याने तोही चढवला. मी कपाळावर हात मारला. आत्या लांबून बघून म्हणाली, "ऱ्हाऊ दे, लई शोभतंय की!"

रात्री ती आमच्याकडेच राहिली. सकाळी आत्या स्वयंपाकघरात शेंगा भाजत असताना खालच्या मजल्यावरची शेजारीण विरजण मागायला आली. तिने भिंतीकडे पाहिलं, हातातली वाटी टीपॉयवर ठेवली आणि मटकन सोफ्यावर बसली.

"अहो, कधी झालं? एका शब्दाने सांगितलं नाही तुम्ही!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात मला आत्या दिसली. एका हातात उलथनं, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर. तिला ऐकायचं होतं. मी निमूट मान खाली घातली.

शेजारीण डोळे पुसत बोलू लागली. मला वाटलं, आता स्वभाव किती प्रेमळ होता वगैरे येणार. आत्याला प्रेमळ म्हणणाऱ्याने तिच्यासोबत एकदा भाजी घ्यायला जावं. पण बाईने भलतंच काढलं. दोन वर्षांपूर्वी ती स्कूटी शिकायला लागली, तेव्हा तिचा नवरा गॅलरीत उभा राहून हसायचा. तेव्हा आमच्याकडे राहायला आलेल्या आत्याने त्याला खालूनच "आत जावा, डाळ शिजली का बगा" म्हणून हाकललं होतं आणि आठवडाभर पार्किंगमध्ये गाडीमागून धापा टाकत फिरली होती.

"ब्रेक मारला की ओरडायच्या, पाय खाली, मान वर! अजून सिग्नलला थांबले की तेच ऐकू येतं बघा. आता नणंदेला शिकवते, तर माझ्या तोंडून तसंच निघतं. ती म्हणते, वहिनी, तुम्ही एवढ्या ओरडता का?"

आतून जोरात नाक ओढल्याचा आवाज आला. पाठोपाठ पदराने डोळे पुसत आत्या स्वतःच बाहेर आली. शेजारीण अशी किंचाळली की वरच्या मजल्यावरची माणसं धावत खाली आली. "वरडू नको गं," आत्या म्हणाली, "मान वर कर, मीच हाय." मग हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. शेंगा पार करपल्या.

त्या दिवशी हार उतरवला. फोटो तिथेच आहे, आणि मला तो फार आवडतो.

महिन्याभराने आत्या पुन्हा आली. संध्याकाळी तिला रिक्षात बसवायला मी खाली उतरले. पार्किंगमध्ये शेजारणीची नणंद तिच्या मैत्रिणीला स्कूटी शिकवत होती. मैत्रीण कंपाउंडच्या भिंतीवर जाणार, तोच नणंद कडाडली, "पाय खाली! मान वर!" ठेका हुबेहूब आत्याचा. या पोरीने आत्याला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. अगं बाई, हे जिचं आहे ती इथेच उभी आहे, असं सांगायला मी पुढे झाले. आत्याने माझं मनगट धरलं.

"गप. कशाला सांगतीस? तिचंच हाय की आता ते."

आणि मैत्रिणीची गाडी नीट थांबेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.