सरलाताई मलिहाबादला गेल्या

सरलाताई चिनहटला माझ्या शेजारी राहतात. साताऱ्याहून लग्न होऊन लखनौला आल्या त्याला पंचवीसेक वर्षं झाली, पण कोपऱ्यावरच्या सब्जीवाल्यापलीकडे एकट्या कधी गेल्या नाहीत. श्रीपादराव बँकेत मोठे साहेब. त्यांनी बायकोवर कधी हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. "रस्त्यात गोंधळशील," एवढंच म्हणायचे. गोड बोलून जखडून ठेवणाऱ्या माणसांची मला भारी चीड येते.

लेकीला, अपूर्वाला, त्यांनी लखनौतच आलमबागला नोकरी करू दिली, ती एका अटीवर. ती कुठे आहे हे दिवसभर त्यांच्या मोबाइलवर दिसायला हवं. जूनमध्ये तिला कानपूरहून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. वडील परवानगी देणार नव्हतेच. सरलाताईच म्हणाल्या, "तू जा. तुझा फोन मी आलमबागला नेते. संध्याकाळी स्टेशनवर भेटून परत देते."

आधी टेंपो, मग मेट्रो. पदर घट्ट धरून पोचल्या एकदाच्या. ऑफिसजवळच्या बाकावर बसून राहिल्या आणि हळूहळू त्यांची भीती गेली. समोर एक कंडक्टर मलिहाबादसाठी ओरडत होता. दरवर्षी तिथून घरी आंब्याच्या पेट्या यायच्या, पण तो दशहरी आंबा झाडावर कसा दिसतो ते त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या चढल्या. खिडकीशी बसल्यावर त्यांना इतकं बरं वाटलं, की पिशवीत लेकीचा फोन आहे हे त्या साफ विसरल्या.

श्रीपादरावांनी फोन केला नाही. बँकेत बसून नुसतं बघत राहिले.

संध्याकाळी त्यांनी लेकीला समोर उभं केलं. "मलिहाबादला कोणाबरोबर गेली होतीस?"

अपूर्वाने खरं सांगितलं असतं, तर कानपूर बाहेर आलं असतं. सरलाताई पुढे झाल्या. "मी गेले होते. तिचा फोन चुकून माझ्याकडे राहिला होता."

श्रीपादराव हसले, अगदी मनापासून. "तू? एकटी? पोरीला वाचवायचंय तर पटेल असं काहीतरी सांग."

बसचं, बागेचं, सगळं सांगून पाहिलं. त्यांचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवसापासून अपूर्वाची नोकरी बंद. कानपूरहून होकार आला, तोही वाया गेला.

अपूर्वाने आईला एकदाच विचारलं, "आई, तुम वहाँ गई ही क्यों?"

"आंबे बघायला," सरलाताई म्हणाल्या. मला हे सांगतानाही त्यांची मान चोरी केल्यासारखी खाली होती.