व्हिडिओत नसलेली शिट्टी

माने सर नसते तर मी आज चेन्नईत नोकरीला नसतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. बार्शीजवळच्या आमच्या गावात सर पी.टी. शिकवायचे, कॉलेजचा फॉर्म भरायला स्वतः सोबत आले होते... आणि पोहायला शिकवताना पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत ढकलणारेही तेच! काठावरून शिट्टी वाजवायचे. आखूड आखूड म्हणजे हात चालू ठेव. एक लांब म्हणजे बस, वर ये. लांब शिट्टी होईपर्यंत थांबायचं नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मी बाईक अमावस्येला घेतली आहे.

मागच्या उन्हाळ्यातली रविवारची दुपार. चेन्नईबाहेर गुम्मिडिपूंडीला आमच्या कारखान्यामागे एरी आहे, म्हणजे तलाव. काठावर आम्हा कामगारांचं क्रिकेट चाललं होतं. पाण्यात गेलेला बॉल काढायला सेल्वम उतरला आणि दिसेनासा झाला. मी उडी मारली, गाळातून त्याला कसाबसा ओढून काठावर आणला. ओठ निळे. श्वास नाही.

आणि सगळे त्याचं पोट दाबायला लागले! दोघांनी तर पाय धरून उलटा उचलला. आमच्या गावाकडेही हेच करतात. सरांनी आठवीतच बजावलं होतं — पोटातलं पाणी राहू द्या, आधी छातीत हवा घाला.

"वेंडाम! वेंडाम! अरे नको, खाली ठेवा!" माझं तमिळ तेवढंच.

"तू काय डॉक्टर आहेस?" प्रभू इंग्रजीत खेकसला.

त्याला ढकलून मी सेल्वमला उताणा झोपवला. तोंडाने श्वास दिला, मग छाती दाबायला लागलो. पुन्हा श्वास, पुन्हा छाती. अँब्युलन्सचा पत्ता नाही. माझे हात भरून आले. कोणीतरी हळूच म्हणालं, "पोयिट्टान्." गेला.

माझे हात थांबले.

तेवढ्यात पाठीमागे शिट्टी. आखूड, आखूड, आखूड.

हात आपोआप चालू झाले... आणि थोड्या वेळाने सेल्वम खोकला, भडाभडा ओकला. आम्ही त्याला कुशीवर वळवलं. आज तो माझ्या शेजारच्या मशीनवर असतो. "अण्णा, त्या दिवशी लसूण खाल्ला होतास," म्हणून चिडवतो.

भास झाला म्हणा! पण प्रभूनेच मला विचारलं, "तुझ्यामागे शिट्टी कोण वाजवत होतं?" माझ्यामागे नुसतं पाणी होतं हो!

एकाने मोबाईलवर व्हिडिओ काढला होता. त्यात शिट्टी नाही. पण माझे हात थांबतात आणि लगेच सगळ्यांच्या माना एकदम पाण्याकडे वळतात. कशाकडे? रूममेट म्हणतो, वारा असेल. सेफ्टी ऑफिसर म्हणतात, "स्ट्रेस आहे, सुट्टी घे." वैताग आलाय नुसता. मला सुट्टी नको, उत्तर पाहिजे.

सर त्याआधीच्या दिवाळीपासूनच अर्धांगवायूने पडून आहेत, हे माहीत होतं. तरी त्यांच्या मुलीला, सुनीताताईंना, फोन केला.

"शिट्टी कुठली रे? अप्पांचे ओठसुद्धा जुळत नाहीत. डॉक्टरांनी फुंकर मारायचा व्यायाम दिलाय, तोही सोडलाय त्यांनी."

मग मी हे पत्र पाठवलं —

"सर, साष्टांग नमस्कार. ताई वाचून दाखवतील. आमचा सेल्वम वाचला. त्या दिवशी शिट्टी कोणी वाजवली, मला अजून कळलेलं नाही, आणि तुम्हाला विचारायचं तर तुम्ही बोलत नाही. फार चिडचिड होते. पण मी थांबलो होतो, तेव्हा तुमच्या त्या शिट्टीने मला थांबू दिलं नाही. मग तुम्ही व्यायाम कसा थांबवलात? फुंकर मारा, सर. लांब शिट्टी अजून झालेली नाही."