साठीनंतरचा नवा गडी

आमच्या साडूला केस पिकल्यावरही सगळा गाव 'नवा गडी' म्हणायचा. शेतावर नव्यानं कामाला लागलेल्या माणसाला आमच्याकडं नवा गडी म्हणतात. त्याला बैलांची नावं माहीत नसतात, विळा कुठं खोचलाय ते माहीत नसतं, आणि चुकला तर लोक सुरुवातीला सांभाळून घेतात. साडू माजलगावात एका सरकारी ऑफिसात शिपाई होता. तिथून रिटायर झाला आणि पुढं मरेपर्यंत नवा गडीच राहिला. कुणी चिडवायला म्हटलं तरी खुशाल ओ द्यायचा.

मी चौथी शिकलो, तीही पुरती नाही. पण हे माझ्या हातानं लिहितोय. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, किसन. वयानं आम्ही बरोबरीचे, म्हणून अरे-तुरेचा कारभार. तो माजलगावच्या अंगाला, मी पालीकडं. मी जन्मभर एकच काम केलं, शेती, आणि चांगली केली. माझं मत आजही असं आहे की माणसानं एक काम धरावं आणि तेच करत म्हातारं व्हावं. साडूला हे मत पाठ होतं. मी तोंड उघडलं की तोच ते माझ्या आवाजात म्हणून दाखवायचा आणि वर खाकरायचाही माझ्यासारखाच.

रिटायर झाल्यावर आम्हाला वाटलं, आता हा विहारासमोर पेपर वाचत बसेल. पण हा जेवणाचा डबा घेऊन रस्त्यावरच्या सलीमच्या वेल्डिंगच्या दुकानात जाऊन उभा राहिला. सलीम ह्याच्या पोराच्या वयाचा. हा त्याला म्हणाला, "उस्ताद, काम शिकवा."

सलीम घाबरला. "चाचा, लोक मला शिव्या देतील."

"देऊ दे. तू मला देत जा. फिटाफीट."

शिकवणारा कुणी का असेना, साडू त्याला उस्तादच म्हणायचा आणि आधी दुकान झाडायचा. पहिल्याच आठवड्यात काच न लावता ठिणगीकडं बघत बसला आणि डोळे सुजवून घेतले. मी भेटायला गेलो तर बाजेवर उताणा, डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या. माझ्या मेव्हणीला आम्ही अक्का म्हणतो. अक्का रडकुंडीला आलेली. "पाव्हणं, तुमीच सांगा ह्यांला. डोळे गेल्यावर काय काम करतील?"

साडू चकत्यांखालून म्हणाला, "डोळे न लागणारं बी कायतरी काम असंलच की. बघू."

बरा झाल्यावर त्यानं माझ्या गोठ्याला फाटक करून दिलं. ते एका अंगाला कललेलं होतं. मी म्हणालो, साडू असशील, पण असलं फाटक मी लावणार नाही. तो ते उचलून घेऊन गेला आणि दुसरं आणलं. सरळ. "आधीचं नव्या गड्यानं केलतं," म्हणाला, "हे जरा जुन्या गड्यानं केलंय." ते फाटक अजून आहे. माझ्या बैलांनी त्याला अंग घासून घासून रंग घालवला, पण सांधा निघाला नाही.

फाटक बसवलं त्याच दुपारी मी त्याला विचारलं, "कावून बे साडू? पेन्शन हाय, पोरगा कमावतो. हे उद्योग कावून?"

त्यानं बापाचं नाव काढलं. आम्ही दोघं बौद्ध, त्यामुळं त्याचा बाप काय करायचा ते मला सांगायची गरज नव्हती. माझाही तेच करायचा. गावाचे निरोप पोचवायचे, चावडी झाडायची, मेलेलं ढोर ओढायचं, आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. पुढं आमच्या लोकांनी धम्म घेतला आणि ते काम टाकलं.

"माझ्या बापाला कुणी इचारलं न्हाई," साडू म्हणाला, "का बाबा तुला काय येतंय, तुला काय आवडतंय. जन्मला अन् काम हातात. मला नोकरी लागली तवा बी कुणी इचारलं न्हाई. जी मिळाली ती केली, पोरं शिकवली. आता रिकामा हाय, तर मीच मला इचारतो, किसन, काय करायचंय? अन् दर खेपी येगळंच उत्तर येतं. त्याला मी काय करू?"

"शेती कर," मी म्हणालो.

"ते तुझं उत्तर हाय."

वेल्डिंगमध्ये हात बसला तसा साडूनं ते सोडलं. सलीम म्हणाला, चाचा, आता कुठं उपयोगाचे झालात. पण साडूचं म्हणणं असं की हात आपोआप चालायला लागला म्हणजे डोकं रिकामं बसतं, आणि रिकामं डोकं बायकोशी भांडतं. मग तो शिवणाच्या क्लासला गेला. सगळ्या बाया, पोरी, आणि दाराशी हा एकटा मिशीवाला. शिकवणारी आमच्याच वस्तीतली लेक. हा तिला उस्ताद म्हणाला की सगळा क्लास पदर तोंडात धरून हसायचा. मापं घ्यायला गेला तर कोण बाई देईल? हा म्हणायचा, "मापं नको, जुनं पोलकं द्या, ते बोलतं." मला एक कोपरी शिवून दिली. तिचा खिसा इतका खाली लावला की तंबाखू काढायला वाकावं लागायचं. मी बोललो तर म्हणतो, "बरं हाय की, कमी खाशील." कोपरी मी घालतो. खिसा वापरत नाही.

गेल्या हिवाळ्यात साडू गेला. घरीच, झोपेत. तेव्हा तो रिक्षा चालवायला शिकत होता. शिकाऊ लायसन हातात होतं, पक्कं व्हायचं होतं. भेटायला आलेले लोक म्हणाले, बिचाऱ्याचं अर्धवट राहिलं. मला ते बोलणं पटलं नाही. साडूला खरं काय मिळवायचं होतं आणि ते त्याला कसं मिळालं, ते मी एका दिवशी माझ्या डोळ्यानं पाहिलंय. तो दिवस आता लिहितो.

सत्तरीला आल्यावर साडूनं स्वयंपाक धरला. माजलगावच्या एका आचाऱ्याकडं आधी कांदे सोलले, मग कणीक तिंबली, मग बुंदी पाडायला शिकला. आमच्या लोकांची लग्नं, बारशी करू लागला. लोक पोटभर जेवायचे, वाहवा करायचे. पण साडूचं त्यानं भागायचं नाही. एकदा म्हणाला, "आपले लोक गोडच बोलणार. म्या रांधलं म्हनून खातेत. गावानं खाल्लं तर खरं."

आणि एक दिवस दगडूबा आला. दगडूबा धनगर वस्तीवरचा, मेंढरं राखणारा, साडूचा लहानपणापासूनचा मित्र. चहा पिऊन मिशा पुसत म्हणाला, "नव्या गड्या, नातीचं लगीन हाय. रांधायचं तू."

साडूनं विचारलं, "भावकीला इचारलं का?"

"भावकीला जेवायला बोलवायचं असतंय. इचारायचं नसतंय."

मला हे कळलं तसा मी एसटी धरून साडूकडं गेलो आणि भांडलो. म्हणालो, "साडू, आपल्यासाठी येगळा पेला ठेवायचे ते दिवस मी इसरलो न्हाई. आता समद्यांची तोंडं लई गोड झाली. पन भरल्या पंगतीतून मानसं उठली तर? ह्या वयात भरलेली भगुनी वापस आनशील?"

"उठली तर भूक त्यांची."

"अन् दगडूबाचं काय? नातीच्या लग्नात तमाशा?"

हे मात्र त्याला लागलं. तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला. मग म्हणाला, "तमाशा व्हायच्या आत मी बघतो. तू काळजी करू नको."

"मी येणार हाय."

"तुला रांधायला कुठं येतंय?"

"मी रांधायला न्हाई, भांडायला येतो."

लग्नाच्या दिवशी सकाळपासून चुली पेटलेल्या. वरण, भात, पुऱ्या, वांग्याची भाजी, बुंदी. दुपारी अक्षता पडल्या आणि मांडवात पंगत बसली. पत्रावळी मांडून झाल्या, पाणी फिरलं, आणि नवऱ्याकडच्या एका फेटेवाल्यानं वाढप्याला विचारलं, "आचारी कुठला आणला?"

वाढप्यानं मागं वळून आमच्याकडं पाहिलं. सगळी पंगतच आमच्याकडं बघायला लागली. मी धोतर खोचलं.

साडू माझ्या पुढून गेला. हात पुसले, मांडवाच्या मधोमध उभा राहिला आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं बोलला. "रांधलंय म्या. माझं नाव किसन, बौद्ध हाय, दगडूबाचा लहानपणीचा दोस्त. ज्याला उठायचंय त्यानं आत्ताच उठावं. वाढल्यावर उठलं की अन्न वाया जातंय."

फेटेवाला उठला. त्याच्यामागं आणखी काही जण उठले आणि लिंबाखाली मोटरसायकली उभ्या होत्या तिकडं गेले. पंगतीत मधेच दात पडल्यासारखी जागा झाली. आमच्याकडं लग्नघरचा यजमान सगळ्यांत शेवटी जेवतो. पण दगडूबा फेटा सावरत आला आणि त्या मोकळ्या जागेत मांडी घालून बसला. "माझं पान वाढा," म्हणाला, "लई भूक लागली." मग कुणी उठलं नाही. साडू वाढप्यांना एवढंच म्हणाला, "चला, भात गार होतोय."

पंगत उठली आणि दगडूबाची थोरली बहीण, सोनाआत्या, काठी टेकत चुलीकडं आली. वस्तीवर तिच्या तोंडाला सगळे भितात. तिला येताना बघून मी साडूच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"आचारी तूच का रं?"

"मीच, आत्या."

"वांग्यात मीठ कमी हाय. वरनात बरूबर हाय. वांग्यात कमी." तिनं काठीनं भगुनं दाखवलं. "आता बायांची पंगत बसंल. तवर घाल. का बायांना बी अळणीच घालतूस?"

"घालतो, आत्या."

"अन् बुंदी झाकून ठेव. पोरं खाऊन टाकतेत." असं म्हणून ती आली तशी गेली.

माझं डोकं फिरलं. सकाळपासून धुरात उभा राहिलेला माणूस, लोक उठून गेलेले, आणि ही म्हातारी वर चुका काढते! मी तिच्यामागं निघालो होतो, पण साडूनं माझ्या कोपरीला धरून ओढलं. मग त्यानं मूठभर मीठ घेतलं, वांग्यात टाकलं, हलवलं, तळहातावर थेंब घेऊन चाखलं, परत चिमूटभर टाकलं. माझ्याकडं पाठ होती. खांदे हलत होते. मला वाटलं, रडतोय. पुढं होऊन बघतो तर हसत होता.

संध्याकाळी टेंपोत रिकाम्या भगुन्यांमधे बसून आम्ही निघालो, तरी त्याचं हसू जाईना. मी वैतागून म्हणालो, "कावून हसतो बे? म्हातारीनं समद्यांसमोर नाव ठेवलं तुला."

"मला कुठं ठेवलं? मिठाला ठेवलं. उठून गेले त्यांनी हाताला ठेवलं हुतं." त्यानं माझ्या मांडीवर थाप मारली. "मीठ तर म्या लगेच वाढवलं साडू. हात कुठनं बदलनार हुतो?"